धरलंय हं, धरलंय

"सोडू नका हं बाई! सोडलंत ना, तर मी मेलेच म्हणून समजा!"

"धरलंय हो, धरलंय. छाती वर, पोट वर, डोळे छताकडे," बदकबाई म्हणाली. तिचे दोन्ही हात तेव्हा हवेत होते, आणि एका हाताने ती टोपीतून निसटलेली बट आत खोचत होती.

पाण्यावर उताणी पडलेली बाई एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका होती. जन्मभर तिने पोरांची पाचावर धारण बसवली आणि आता, साठीला आल्यावर, छातीएवढ्या पाण्यात तिची स्वतःची बसली. पहिल्या दिवसापासून तलावाचा कठडा तिने जो धरला तो धरलाच, म्हणून वर्गातल्या बाकीच्या बायकांनी तिचं नाव कठडाबाई ठेवलं होतं. आज कठडा सुटला होता. ती तरंगत होती, सुखाने तरंगत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. मग तिने एक डोळा उघडला. बदकबाईचे दोन रिकामे हात तिला दिसले, आणि बाई त्या क्षणी बुडाली.

"फसवलंत!" खोकत, नाकातोंडातलं पाणी काढत ती वर आली. "चक्क खोटं बोललात!"

"बोलले. पण तुम्ही तरंगत होता."

"ते निराळं! मी तुमच्या भरवशावर होते!"

पोहायला शिकवणाऱ्यांच्या माथी हे एक पाप लिहिलेलंच असतं. शिकणाऱ्याच्या पाठीखाली तळवे धरायचे, धरलंय धरलंय म्हणत राहायचं, आणि अंग सैल पडलं की गुपचूप काढून घ्यायचे. सांगून काढले की माणूस दगडासारखा खाली जातो, असं बदकबाईला तिच्या आईने शिकवलं होतं. आईही याच तलावावर शिकवायची. तेव्हा वर पत्रे होते, आता काच आहे. दुपारी काचेतून ऊन उतरतं आणि तळाच्या निळ्या फरशीवर त्याचं जाळं हलत राहतं. दोन वर्गांच्या मधल्या वेळात तिथे कोणी नसलं की बदकबाईला वाटायचं, आपण कोणाच्या तरी झोपेत येऊन उभ्या आहोत.

बदकबाई हे नाव पोरांनी दिलेलं. पिवळी टोपी, आणि जमिनीवर पाय फेंगडे टाकत चालायची सवय. पाण्यात मात्र बघावं. पाण्यात ती अशी जायची की पाणी तिला वाट देतंय असं वाटायचं.

तर या बदकबाईचे दोन्ही स्तन येत्या सोमवारी काढून टाकायचे होते.

आजार नव्हता. त्यातलीच तर सगळी गोम होती. गाठ नाही, दुखणं नाही, खुपणं नाही. पण तिची आजी छातीच्या कॅन्सरने गेली, मावशी गेली, आई गेली, आणि दोन वर्षांपूर्वी ताईला झाला. ताई वाचली. तिच्या रक्ताची तपासणी करणारी डॉक्टरीण म्हणाली, हा दोष घराण्यातून उतरलेला दिसतोय, धाकट्या बहिणीचंही रक्त बघू या. बघितलं. दोष हिच्याही रक्तात होता.

"म्हणजे मला होणारच?" बदकबाईने विचारलं होतं.

"होणारच असं नाही. पण असा दोष असलेल्या दहाजणींपैकी सहा-सातजणींना आयुष्यात कधी ना कधी होतो," डॉक्टरीण म्हणाली होती. मग तिने दोन वाटा सांगितल्या. एक तर दरवर्षी बारीक तपासण्या करत राहायचं, म्हणजे झालाच तर लवकर सापडेल. नाहीतर आधीच दोन्ही स्तन काढून टाकायचे, म्हणजे धोका अगदी थोडा उरतो. घाई नाही, जबरदस्ती नाही, विचार करा.

बदकबाईने आधी पहिली वाट धरून पाहिली. वर्षभर चालली आणि दमली. तपासणीच्या आधी ती धसक्याने जेवायची नाही आणि निकाल चांगला आला की पुढच्या तपासणीचा धसका सुरू. आंघोळ करताना हात आपोआप चाचपत बसायचे. जगणं म्हणजे नुसतं दारावरची थाप ऐकत बसणं झालं. शेवटी तिने दुसरी वाट घेतली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, मोजकं बोलायचा. तो एवढंच म्हणाला, "तू घरी परत ये म्हणजे झालं. बाकी माझं काही मागणं नाही." आणि मग उगीचच दाराच्या न कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घालत बसला.

हे सगळं ठरलं. राहिली होती लेक. नुकती कॉलेजात जायला लागलेली, पाण्यात आईच्याही पुढे. तोच दोष तिच्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी. आणि तिला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. आईचं बारीकसं ऑपरेशन आहे, एवढंच तिच्या कानावर घातलं होतं. रविवारी ती कॉलेजच्या सहलीला निघणार होती, म्हणून तर बदकबाईने सोमवार मागून घेतला होता.

"लेकीला सांगितलंस?" ताईने विचारलं. वर्ग सुटल्यावर ती आली होती आणि तलावाच्या काठाशी बसून पाण्यात पाय हलवत होती.

"सांगेन."

"कधी? नातवंडं झाल्यावर?"

"सहलीला जाऊन येऊ दे गं. हसत जाऊ दे."

"आणि आल्यावर काय सांगशील? इस्त्री करताना चुकून सपाट झाले?"

बदकबाईला हसू फुटलं. ताईचं हे असंच. एक स्तन गेला, केस गेले आणि कुरळे होऊन परत आले, पण जिभेला काही म्हणून झालं नाही.

"हसू नकोस," ताई म्हणाली. "आई काय म्हणायची आठवतं ना? पाठीत उसण भरलीय. वर्षभर उसण! आपण दोघी आळीपाळीने तिची पाठ शेकत बसायचो. दुखणं पुढे आणि शेक मागे. ती गेली त्याचा मला राग नाही गं, जाणं कोणाच्या हातात असतं? मला त्या शेकाचा राग आहे. अजून आहे."

गरम पाण्याची ती रबरी पिशवी बदकबाईलाही आठवत होती. आई पालथी पडलेली, आणि उशीत तोंड खुपसून म्हणायची, "आता किती बरं वाटतंय." बदकबाई तेव्हा लेकीएवढीच होती. तिने स्वतःला शंभरदा बजावलं होतं की आपण असं करायचं नाही. आणि आता हुबेहूब तेच करत होती, वर सहलीचा मुहूर्त साधून.

ताई गेल्यावर ती बाकावर आडवी झाली. पुढचा वर्ग यायला वेळ होता. काचेवरून एक ढग सावकाश जात होता आणि पाण्याचा रंग त्याच्याबरोबर बदलत होता. डोळा कधी लागला तिला कळलं नाही.

स्वप्नात तलावाला कठडा नव्हता. पाणी सगळीकडे होतं, कोमट आणि उजेडाचं. घरातल्या बायका ओळीने उताण्या तरंगत होत्या. आजी, मावशी, केस मोकळे सोडलेली आई. कोणी कोणाला धरलेलं नव्हतं. बदकबाईच्या तळव्यांवर कोणाची तरी पाठ होती, ओली आणि हलकी. तिने बघितलं तर लेक, सहा वर्षांची, पोहण्याच्या लाल कपड्यात. आणि बघते तो आपले हात वर, हवेत. मग पोरीला धरलंय कोणी? तिने खाली वाकून पाहिलं. तळाच्या निळ्या फरशीवरून आई चालत होती, बाजाराला निघाल्यासारखी सावकाश, आणि वर बघून काहीतरी सांगत होती. तोंड हलत होतं. पाण्यातून शब्द तेवढा येत नव्हता.

"आई, उठ. घोरतेयस," लेक म्हणाली.

ती खरीच समोर उभी होती, केस वर बांधून. कॉलेज लवकर सुटलं की ती अशी यायची आणि वर्ग सुरू व्हायच्या आत दोघी पाण्यात उतरायच्या. आजही उतरल्या. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर लेक उथळ बाजूला आली आणि लाडात म्हणाली, "धर ना मला. लहानपणी धरायचीस तशी."

"घोडी झालीस आता."

"घोडीला धर."

बदकबाईने तिच्या पाठीखाली तळवे धरले. लेकीने डोळे मिटले, अंग सोडलं, कान पाण्याखाली गेले. माणूस उताणा तरंगत असला की त्याला वरचं बोलणं कळत नाही, नुसती गुणगुण ऐकू येते. हे बदकबाईइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि तेव्हाच तिने बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. आजी, मावशी, आई, ताई, रक्त, सोमवार, दोन्ही बाजू, निम्मी शक्यता. हळू आवाजात, एका दमात. सांगितल्याचं समाधानही हवं आणि ऐकलेलं नको, असला तो कारभार. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

लेकीने डोळे उघडले. आईचा चेहरा बघितला आणि ती उभी राहिली.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

"आई. काय म्हणत होतीस?"

मग परत सांगावं लागलं, आता कान उघडे असताना. परत सांगणं फार अवघड गेलं. मधे एकदा आवाज फुटला, मधे एकदा तिने उगीच टोपी काढून परत घातली. लेक कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ऐकत होती. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"म्हणजे मलाही असेल."

"असेल. नसेलही. तपासलं तरच कळेल."

"मी विचारलं होतं का तुला?"

"नाही."

"मग सांगितलंस कशाला? मी मजेत सहलीला चालले होते!" आणि पुढच्याच श्वासाला, "आणि सांगितलं नसतंस तर? मी परत आल्यावर तू मला अशी सापडली असतीस? सपाट आणि हसरी?"

दोन्ही बाजूंनी तिचंच खरं होतं.

"तू पहिल्यापासून अशीच आहेस," लेक म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. धरलंय म्हणालीस आणि हात वर करून उभी होतीस. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते, आठवतं?"

"पण तरंगलीस ना त्या दिवशी."

"प्रश्न तो नाहीये! सांगून सोडायचं होतंस."

"सांगितलं असतं तर बुडाली असतीस."

"तुला काय माहीत? तू कधी कोणाला एकदा तरी सांगून सोडलंयस?"

बदकबाई आठवू लागली. एवढी वर्षं, एवढ्या पाठी, केवढाली माणसं. एकालाही सांगून सोडलं नव्हतं. आईने सांगितलं होतं म्हणून.

लेक शिडीने वर गेली. टॉवेल न घेताच गेली. तिची ओली पावलं फरशीवर उमटली होती, आणि पुढच्या वर्गातल्या बायका येईपर्यंत ती वाळूनही गेली.

शनिवारी आणि रविवारी लेक घरात होती पण बोलली नाही. सहलीची बॅग दारापाशी भरून ठेवलेली होती. रविवारी तिची निघायची वेळ झाली, आणि टळली. कोणी काही विचारलं नाही. संध्याकाळी बदकबाई न्हाणीघरात आरशासमोर उभी राहिली. निरोप घ्यायचा तर कसा घेतात, तिला ठाऊक नव्हतं. याच छातीशी लेक दूध पिता पिता झोपायची आणि झोपेतच मधेच आठवण झाल्यासारखी पुन्हा चोखायची, ते तिला आठवलं. मग तिला रडू आलं, आणि ती मनसोक्त रडली. रडताना आणखी एक खुळी भीती तिने पहिल्यांदा स्वतःशी कबूल केली. छाती वर, छाती वर म्हणत जन्म गेला. आता छातीच नसली तर आपण तरंगणार कशा? माणसाला तरंगवते ती फुप्फुसातली हवा, हे तीच सगळ्यांना शिकवायची. पण भीतीला कोण शिकवणार?

सोमवारी सकाळी दवाखान्यात जायला निघाली तेव्हा दारापाशी सहलीचीच बॅग होती. आत लेकीचे कपडे नव्हते. पुढून बटणं असलेले आईचे सैल गाऊन, टॉवेल आणि कंगवा होता.

"चल," लेक म्हणाली. तीन दिवसांतला तिचा पहिला शब्द.

ऑपरेशन नीट झालं. काढलेल्या भागात काही सापडलं नाही, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा नवरा खाली बसला आणि त्याने तोंडावर रुमाल घेतला. छातीच्या दोन्ही बाजूंना नळ्या होत्या आणि त्यांच्या टोकाला छोट्या बाटल्या, जखमेतलं पाणी साठायला. घरी आल्यावर त्या बाटल्या लेक रिकाम्या करायची. नाक न मुरडता, लाड न करता, मुकाट्याने.

एके दिवशी बाटली धुता धुता ती म्हणाली, "मी रक्त तपासणार नाही एवढ्यात."

"बरं."

"कदाचित कधीच नाही तपासणार."

बदकबाईच्या जिभेवर किती काय काय आलं. अगं पण, आणि तुझ्या भल्यासाठी, आणि माझ्या आईचं बघितलं नाहीस तू. तिने ते सगळं गिळलं. त्या नळ्यांपेक्षा ते जास्त दुखलं.

"बरं," ती म्हणाली. "तुझं तू ठरव."

"आणि तू मला खोटा धीर द्यायचा नाहीस. काही नाही होत, मी आहे ना, असलं काही नाही."

"नाही देणार."

लेकीने बाटली उजेडात धरून बघितली आणि जागेवर लावली. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ती आईच्या शेजारी बसली.

जखमा भरल्या. डॉक्टरांनी पाण्यात जायला हरकत नाही म्हटलं, तरी बदकबाई आज नको, उद्या बघू करत राहिली. शेवटी एका दुपारी, दोन वर्गांच्या मधे, लेकीने तिला हाताला धरून नेलं. कपडे बदलायच्या खोलीत कठडाबाई केस पुसत उभी होती. बदकबाईचा पोहण्याचा जुना पोशाख पुढून सैल पडत होता, म्हणून ताईने तिथे टाके घालून दिले होते. कठडाबाईने बघितलं. नजर तिथे गेली, थांबली, आणि मग वर डोळ्यांशी आली.

"बाई," ती मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही रजेवर होता तेव्हा मी कठडा सोडला. एकटीने. पोहून पलीकडे गेले. कळावं म्हणून सांगितलं." मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "जा आत. पाणी छान आहे आज."

पाणी खरंच छान होतं. तळावर उन्हाचं जाळं हलत होतं. बदकबाई उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि तिने कठडा धरला. जन्मभर पाण्यात काढलेल्या बाईने.

"मला नाही जमायचं गं."

"आडवी हो. मी आहे."

"धर हं नीट. सोडू नकोस."

"धरलंय."

ती मागे कलली. कान पाण्याखाली गेले आणि सगळं जग लांब गेलं. पाठीखाली लेकीचे दोन तळवे होते, बदकबाईच्या आईच्या तळव्यांसारखेच रुंद. वर काच होती, काचेवर पांढरं आभाळ. तिच्या मनात आलं, आता कधीतरी हे तळवे निघतील, आपल्याला कळणार नाही, आपणच तर शिकवलंय. तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं. टाचा खाली जायला लागल्या.

लेक वाकली. तिचं तोंड आईच्या अगदी कानाशी आलं. तिने आईचं डोकं किंचित उचललं, कान पाण्याबाहेर येईल इतकंच.

"आई, ऐक. आता मी हात काढणार आहे. आधी डावा काढते, मग उजवा. सांगून काढतेय. कळलं?"

बदकबाईने डोळ्यांनीच हो म्हटलं.

"हा डावा."

तेवढी जागा गार झाली. बदकबाई थोडी कलंडली, सावरली.

"आता उजवा. सोडतेय हं."

पाठीखाली पाणी आलं. नुसतं पाणी. कान पुन्हा बुडाले आणि सगळे आवाज थांबले. छाती वर, तिने स्वतःला सांगितलं, आणि श्वास घेतला. जिथे आता दोन आडव्या रेघा होत्या तिथे श्वास भरला, आणि ते सपाट, शिवलेलं अंग हळूहळू वर आलं. पाण्याने तिला ठेवून घेतलं.

लेक काहीतरी म्हणत होती. पाण्यातून शब्द येत नव्हता, पण काय असेल ते बदकबाईला ठाऊक होतं. हात वर आहेत, बघ. जन्मभर तिने पाहिलं होतं, प्रत्येक शिकणारा या वेळी एक डोळा उघडून बघतो.

बदकबाईने बघितलं नाही. काचेवरून एक ढग चालला होता, ती त्याच्याकडे बघत राहिली.